शाळामास्तर ते आचार्यांचे मार्गदर्शक : कार्ल वायरश्ट्रास

व्यापारी कुटुंबात मुलाच्या शिक्षणाचा विचार बहुधा वडिलांच्या मनात आधी पूर्ण होतो आणि मुलाच्या कानावर तो नंतर पडतो. मुलगा हिशेबात हुशार असला की वाणिज्य शाखा ठरलेली. त्यापुढे सनदी लेखापाल, नाहीतर घरची पेढी. यात गैर काही नाही. माझे स्वतःचे शिक्षण एम.कॉम.चे आणि त्या पदवीवर मी समाधानाने आयुष्यभर बँकेत नोकरी केली. परंतु आकड्यांची आवड आणि पैशाची आवड या दोन गोष्टी एक नव्हेत, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या लक्षात येण्यास काही वेळा विलंब लागतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत एका करखात्यातील अधिकाऱ्याच्या लक्षात ते चार वर्षे आले नाही. त्याच्या मुलाची ही हकीकत आहे. हा मुलगा विद्यापीठातून पदवीविना परतला, चौदा वर्षे लहान गावांतील शाळांत मास्तरकी करीत राहिला आणि पुढे बर्लिन विद्यापीठात त्याच्या हाताखाली डॉक्टरेटचे विद्यार्थी घडले. आपल्याकडे बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचे नाव सिद्धांतांच्या मथळ्यांतून भेटते. त्यामागचा शिक्षक मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

कार्ल वायरश्ट्रास यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८१५ रोजी वेस्टफालिया प्रांतातील ओस्टेनफेल्डे या खेड्यात झाला. वडील प्रथम तेथील नगरप्रमुखांचे चिटणीस होते, नंतर प्रशियाच्या करखात्यात गेले. बदलीची नोकरी असल्याने बिऱ्हाड सतत हलत राहिले. कार्ल बारा वर्षांचा होण्याआधीच आई निवर्तली आणि वडिलांनी पुढे दुसरा विवाह केला. घरात शिस्त कडक, पैसा बेताचा. १८२९ साली पाडरबॉर्नच्या शाळेत दाखल झाल्यावर हा मुलगा अभ्यास सांभाळून फावल्या वेळात हिशेबनीसाचे काम करू लागला आणि घरखर्चाला हातभार लावू लागला. त्याच वयात तो क्रेले यांनी चालविलेले गणिताचे संशोधनपर नियतकालिकही नियमित वाचीत असे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिवसा कीर्द-खतावणी लिहितो आणि रात्री युरोपातील सर्वांत कठीण गणित वाचतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे.

वडिलांनी यातील पहिला भाग पाहिला. मुलाने प्रशियाच्या शासनसेवेत मोठा अधिकारी व्हावे म्हणून १८३४ साली त्याला बॉन विद्यापीठात कायदा, वित्त व अर्थशास्त्र शिकण्यास धाडण्यात आले. मुलाने उघड विरोध केला नाही. त्याने अभ्यासही केला नाही. चार वर्षे तलवारबाजी व मित्रमंडळी यांत गेली आणि उरलेला वेळ लाप्लास, याकोबी यांचे ग्रंथ एकट्याने वाचण्यात गेला. १८३८ साली तो परीक्षा न देताच घरी परतला. या काळास त्याच्या चरित्रांतून उनाडपणाचे वर्णन पुष्कळ आढळते. मला मात्र त्यात उनाडपणापेक्षा कोंडमारा अधिक दिसतो. वडिलांना ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नसलेल्या मुलाने आणखी काय करावयाचे?

चार वर्षांचा खर्च पाण्यात गेलेल्या त्या घरात काय वातावरण असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अखेर एका कौटुंबिक स्नेह्याने मार्ग सुचविला. म्युन्स्टर येथील विद्यालयात थोडके शिक्षण घेऊन माध्यमिक शिक्षकाची परीक्षा द्यावी म्हणजे निदान पोटापाण्याची सोय होईल. वडिलांच्या दृष्टीने ही माघार होती. परंतु म्युन्स्टरला गुडरमान नावाचे गणिताचे प्राध्यापक होते आणि ते त्या काळी अत्यंत नवीन असलेल्या विवृत्तीय फलनांवर व्याख्याने देत असत. पहिल्या व्याख्यानाला तेरा श्रोते होते व त्यानंतर केवळ एकच उरला, अशी आख्यायिका आहे. तो एक म्हणजे वायरश्ट्रास.

शिक्षकाच्या परीक्षेसाठी लेखी प्रबंध लिहावा लागे. वायरश्ट्रास यांनी आपणहून त्याच कठीण विषयावरील प्रश्न मागून घेतला. १८४० साली सादर झालेला त्यांचा प्रबंध वाचून गुडरमान इतके प्रभावित झाले की, हा उमेदवार त्या शास्त्राच्या मूळ संशोधकांच्या पंक्तीत बसण्यायोग्य आहे असा अभिप्राय त्यांनी लिहिला. परंतु परीक्षेच्या कागदपत्रांतील तो संपूर्ण अभिप्राय उमेदवाराला त्या वेळी कळला नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो समजल्यावर वायरश्ट्रास म्हणाले की, हे तेव्हाच ठाऊक असते तर मी तो प्रबंध लगेच प्रसिद्ध केला असता. आपल्या कार्यालयांतील गोपनीय अहवाल आठवावेत. कनिष्ठाबद्दल वरिष्ठाने लिहिलेले चांगले शब्द फाईलमध्ये सुरक्षित राहतात आणि ज्याच्यासाठी ते लिहिले तो मात्र स्वतःला सामान्य समजत राहतो.

१८४१ मध्ये तोंडी परीक्षा उत्तीर्ण होऊन म्युन्स्टरला वर्षभर उमेदवारी झाली. १८४२ मध्ये पश्चिम प्रशियातील डॉइच क्रोने या गावी नेमणूक मिळाली आणि १८४८ साली ब्राउन्सबर्ग येथील शाळेत. ही दोन्ही गावे आज पोलंडमध्ये आहेत. गणिताखेरीज पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, जर्मन भाषा, सुलेखन आणि व्यायाम असे सगळे विषय त्यांना शिकवावे लागत. (गणितात त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका फलनासाठी आजही वळणदार ‘पी’ अक्षराची एक खास खूण वापरतात, सुलेखनाच्या मास्तरालाच ती सुचावी, असे मला उगीच वाटते.) गावात गणिताविषयी बोलण्यासारखा एकही मनुष्य नव्हता, ग्रंथालय नव्हते. १८४१ सालीच त्यांनी फलनांविषयीचा एक महत्त्वाचा निष्कर्ष लिहून ठेवला होता. तोच निष्कर्ष फ्रान्समधील लोरां यांनी १८४३ मध्ये जाहीर केला आणि आजही तो लोरां यांच्याच नावाने शिकविला जातो. वायरश्ट्रास यांचे हस्तलिखित छापून येण्यास १८९४ साल उजाडले.

त्यांनी काहीच प्रसिद्ध केले नाही असे नव्हे. शाळेच्या वार्षिक अहवालात शिक्षकांचा एखादा लेख छापण्याची प्रथा होती. डॉइच क्रोनेच्या आणि पुढे ब्राउन्सबर्गच्या अहवालांत त्यांचे संशोधन त्या रीतीने छापले गेले. पुढे विद्यापीठात गाजणाऱ्या विचारांची बीजे, विद्यार्थ्यांच्या हजेरीचे आणि बक्षीस समारंभाचे वृत्तांत ज्यात असतात अशा पुस्तिकेत! कोणी ती वाचली नाहीत, यात नवल नाही.

ब्राउन्सबर्गची एक गोष्ट सांगतात. एके सकाळी वर्गात गोंधळ ऐकू आला म्हणून मुख्याध्यापक पाहावयास गेले, तर शिक्षकाची जागा रिकामी. ते वायरश्ट्रास यांच्या खोलीवर गेले. पडदे लावलेले, दिवा जळतो आहे आणि गृहस्थ कागदांवर वाकलेले. रात्र संपून सकाळ झाली, याचा त्यांना पत्ताच नव्हता. गोष्ट गोड आहे. परंतु तिची किंमत मोजावी लागली. दिवसा शाळा, रात्री संशोधन, असे कित्येक वर्षे चालल्यावर १८५०च्या सुमारास त्यांना भोवळीचे झटके येऊ लागले. तासतासभर चालणारे ते झटके आणि त्यानंतरच्या वांत्या यांनी पुढील सुमारे बारा वर्षे त्यांचा पिच्छा सोडला नाही. या कालखंडातील कंटाळा व एकाकीपणा यांविषयी त्यांनी स्वतः उत्तरायुष्यात कडवटपणे लिहिले आहे. शाळेतल्या खडतर वर्षांनीच त्यांना थोर केले, असे सरधोपट विधान मी म्हणूनच करणार नाही. त्या वर्षांनी त्यांचे आरोग्य हिरावून घेतले, हे आधी जमाखर्चात लिहिले पाहिजे.

१८५४ साली क्रेले यांच्या नियतकालिकात आबेलीय फलनांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने ३१ मार्च १८५४ रोजी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि ती देण्यासाठी प्राध्यापक रिशेलो स्वतः ब्राउन्सबर्गला आले. विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक शाळेतील शिक्षकाकडे पदवी घेऊन जातो, असा प्रसंग शिक्षणाच्या इतिहासात विरळाच. शाळेने त्यांना बढती दिली व वर्षभराची रजा दिली. ब्रेस्लाउ येथील प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला, तो फेटाळला गेला. मात्र कुम्मर यांना हा मनुष्य बर्लिनसाठीच हवा होता. १४ जून १८५६ रोजी बर्लिनच्या औद्योगिक संस्थेत त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठातही सहयोगी प्राध्यापकाचे पद मिळाले. वय चाळिशी ओलांडलेले. पुढे १८६४ पर्यंत या दोन नोकऱ्यांचा भार त्यांनी एकाच वेळी वाहिला.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवितो. कुम्मर हेही आधी लीग्निट्स येथे दहा वर्षे शाळाशिक्षक होते आणि तेथील त्यांचा एक विद्यार्थी म्हणजे क्रोनेकर. क्रोनेकर यांनी तरुणपणी मामांच्या पेढीचा व्यवहार निस्तरला, शेतीवाडी सांभाळली आणि विद्यापीठाच्या वेतनाची गरज पडू नये एवढी संपत्ती जमविली. मग ते गणितासाठी बर्लिनला येऊन राहिले. म्हणजे बर्लिनचे गणित ज्या तिघांच्या नावे प्रसिद्ध झाले, त्यांपैकी दोघे शाळामास्तर आणि तिसरा मास्तराचा शिष्य असलेला व्यवहारी गृहस्थ! शालेय शिक्षक आणि विद्यापीठीय संशोधक यांच्यामध्ये आपण जी उंच भिंत मानतो, ती तेथे नव्हती.

१८६१ मध्ये कुम्मर व वायरश्ट्रास यांनी बर्लिनला गणिताचे चर्चासत्र सुरू केले. विद्यार्थ्याने ऐकलेले लिहून घ्यावे एवढ्यावर न थांबता त्याने स्वतः प्रश्न सोडवून सर्वांसमोर मांडावेत, अशी ती व्यवस्था होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वायरश्ट्रास पूर्णपणे कोसळले. सावरण्यास वर्ष लागले. त्यानंतर फळ्यासमोर उभे राहणे त्यांना कधीच जमले नाही. ते खुर्चीत बसून बोलत आणि निवडलेला एक विद्यार्थी फळ्यावर लिहीत असे. अशा व्याख्यानांना पुढे अडीचशेपर्यंत श्रोते येऊ लागले.

ते काय शिकवीत, हे सामान्य वाचकास सांगणे अवघड आहे. तरी बँकेतील माणसाच्या भाषेत प्रयत्न करतो. दिवसअखेरीस रोकड दोन रुपयांनी जुळत नसेल तर रोखपाल ‘जवळजवळ जुळली’ असे म्हणू शकत नाही. एक तर ती जुळते किंवा जुळत नाही. त्यांच्या आधीच्या गणितात मात्र ‘अमुक संख्या तमुक संख्येच्या अनंत जवळ जाते’ अशी भाषा सर्रास चालत असे. वायरश्ट्रास यांचे म्हणणे असे की, ‘जवळ’ म्हणजे किती ते आधी ठरवा. तुम्ही कितीही सूक्ष्म फरक मान्य करा, त्या मर्यादेत उत्तर राहण्यासाठी मूळ संख्या किती मर्यादेत ठेवावी लागेल हे मी दाखवून देतो. जेथे दाखविता येत नाही, तेथे विधान मागे घेतो. या काटेकोरपणासाठी सारे शास्त्र पायापासून पुन्हा रचावे लागले. संख्या म्हणजे काय, येथून त्यांचा आरंभ होई आणि दोन वर्षांच्या व्याख्यानचक्रात ते हळूहळू आबेलीय फलनांपर्यंत पोहोचत. मधली एकही पायरी ‘उघड आहे’ म्हणून गाळली जात नसे. ज्याने चौदा वर्षे अजाण मुलांना शिकविले, त्यालाच ‘उघड’ या शब्दाची भीती कळते, असे मला वाटते. शाळेने त्यांना काही दिले असेल तर ते हे.

आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते फारसे छापीत नसत. शोध व्याख्यानात सांगून टाकीत आणि विद्यार्थी आपापल्या वह्यांतून ते युरोपभर नेत. प्रत्येक ठिकाणी सलग असूनही कोणत्याही बिंदूपाशी जिला स्पर्शरेषा काढता येत नाही अशा वक्राचे उदाहरण त्यांनी १८७२ मध्ये बर्लिन अकादमीपुढे मांडले. ते छापील स्वरूपात आले १८७५ मध्ये, तेही दुसऱ्या गणितज्ञाच्या लेखात. व्यापारात ज्याला आपण पत म्हणतो, ती अशा प्रकारे वाटून टाकणारा मनुष्य हिशेबी नव्हता. विद्यार्थ्याने ती पुढे नेली, तर त्यांना त्यात आनंद वाटे.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत फ्रोबेनिउस (१८७०) आणि विल्हेल्म किलिंग (१८७२) यांचा समावेश होतो. फ्रोबेनिउस यांनीही पदवीनंतर काही वर्षे बर्लिनच्या शाळांत शिकविले व १८७४ मध्ये वायरश्ट्रास यांच्या आग्रहामुळे ते विद्यापीठात आले. स्वीडनचे मिटाग-लेफ्लर पॅरिसला शिकावयास गेले असता तेथील नामवंत गणितज्ञ एर्मीत यांनीच त्यांना बर्लिनला वायरश्ट्रास यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला. फ्रान्स-जर्मनी युद्ध नुकतेच होऊन गेलेले असताना एका फ्रेंच प्राध्यापकाने दिलेला हा सल्ला आहे, हे लक्षात घ्यावे.

परंतु गुरू म्हणून त्यांची खरी परीक्षा एका विद्यार्थिनीने पाहिली. सोफिया कोव्हालेव्हस्काया ही १८५० साली मॉस्को येथे जन्मलेली रशियन तरुणी. त्या काळी रशियात स्त्रियांना विद्यापीठे बंद होती आणि वडिलांच्या किंवा पतीच्या परवानगीवाचून परदेशी जाता येत नसे. म्हणून केवळ देशाबाहेर पडता यावे यासाठी तिने व्लादिमिर कोव्हालेव्हस्की यांच्याशी नाममात्र विवाह केला. हायडेलबर्गला काही काळ शिकून १८७० मध्ये ती बर्लिनला वायरश्ट्रास यांच्याकडे आली. ते पंचावन्न वर्षांचे, ती वीस वर्षांची. त्यांनी तिला पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी काढलेली उदाहरणे दिली. बहुधा ती परत येणार नाही, अशी त्यांची समजूत असावी. आठवड्याने ती सर्व सोडवून परत आली आणि तिच्या रीती स्वतंत्र होत्या.

विद्यापीठाने तिला वर्गात बसू देण्यास नकार दिला. मग वायरश्ट्रास यांनी तिला घरी शिकविण्यास आरंभ केला. रविवारी दुपारी ती त्यांच्याकडे येई आणि आठवड्यातून एकदा ते तिच्या बिऱ्हाडी जात. हा क्रम चार वर्षे चालला. वायरश्ट्रास अविवाहित होते. क्लारा आणि एलिझे या त्यांच्या दोन बहिणी त्यांच्यासोबत राहत. त्यांनीही या परक्या मुलीला आपल्या घरात सामावून घेतले. विद्यापीठात दिलेले प्रत्येक व्याख्यान ते तिला घरी पुन्हा सांगत. या शिकवणीचे त्यांना काय मिळाले? आपल्या हिशेबाच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.

१८७४ पर्यंत तिचे तीन निबंध तयार झाले. आंशिक विकल समीकरणे, आबेलीय समाकल आणि शनीची कडी हे त्यांचे विषय होते. बर्लिनमध्ये पदवी मिळणे शक्य नव्हते. वायरश्ट्रास यांनी ग्योटिंगेन विद्यापीठाशी पत्रव्यवहार केला व तिला तोंडी परीक्षेतून सूट मिळविली. त्या विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीसह डॉक्टरेट बहाल केली. आधुनिक काळात गणितात डॉक्टरेट मिळविणारी ती पहिली स्त्री.

पुढची वर्षे गुरूला क्लेशकारक होती. ती रशियास परतली आणि तिला तेथे योग्य काम मिळाले नाही. विवाह आता खरा झाला, मुलगी झाली. पतीसह ती घरबांधणीच्या सट्ट्यात उतरली आणि त्यात दोघांचे दिवाळे निघाले. गणित सुटले. वायरश्ट्रास पत्रे लिहीत राहिले. तिने प्रदीर्घ काळ उत्तर दिले नाही. तरी १८८० नंतर ती पुन्हा गणिताकडे वळली तेव्हा त्यांचे दार उघडेच होते. १८८३ मध्ये तिच्या पतीने आत्महत्या केली. त्याच वर्षी मिटाग-लेफ्लर यांच्या, म्हणजे तिच्या गुरुबंधूच्याच प्रयत्नाने ती स्टॉकहोमला अध्यापनास गेली. १८८८ मध्ये पॅरिस अकादमीचे बोर्दां पारितोषिक तिला मिळाले आणि तिच्या निबंधाची योग्यता पाहून त्याची रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० फ्रँक करण्यात आली. १८८९ मध्ये ती पूर्ण प्राध्यापक झाली. १० फेब्रुवारी १८९१ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. वायरश्ट्रास यांनी तिची सर्व पत्रे जाळून टाकली. त्यांनी तिला लिहिलेली पत्रे मात्र उरली आणि त्यांवरूनच आज आपणास ही कथा समजते.

किलिंग यांची कथा कमी नाट्यमय, तरी मला ती अधिक भावते. तेही वेस्टफालियाचे, त्यांनीही म्युन्स्टरला शिक्षण घेतले आणि डॉक्टरेटनंतर शाळांत शिकविण्यात त्यांची वर्षे गेली. १८८२ साली वायरश्ट्रास यांच्या शिफारशीने त्यांना उच्च शिक्षणसंस्थेत प्राध्यापकपद मिळाले. ते गाव कोणते? ब्राउन्सबर्ग. ज्या गावी गुरूने गणिताविषयी बोलण्यास कोणी नाही म्हणून सात वर्षे सोसली, त्याच गावी शिष्य गेला. तेथे दहा वर्षे राहून अध्यापन, संस्थेचे प्रशासन आणि नगरपालिकेचे कामकाज सांभाळीत त्याने जे संशोधन केले, त्याला आज आधुनिक बीजगणितातील मूलभूत कार्य मानतात. या वेळी एक फरक मात्र होता. गावाबाहेर आपल्या कामाकडे लक्ष ठेवून असलेला एक गुरू आहे, हे किलिंग यांना ठाऊक होते.

वायरश्ट्रास यांची अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. जुने स्नेही क्रोनेकर यांच्याशी तात्त्विक मतभेद विकोपास गेले. क्रोनेकर विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या पद्धतीवर टीका करीत. एकदा तर बर्लिन सोडून स्वित्झर्लंडला जावे असे वायरश्ट्रास यांच्या मनात आले होते. परंतु आपल्यामागे आपल्या जागी कोण येईल या चिंतेने ते थांबले. शेवटची तीन वर्षे ते चाकांच्या खुर्चीला खिळून होते. १९ फेब्रुवारी १८९७ रोजी बर्लिन येथे न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड त्यांच्या हयातीत, १८९४ साली, निघाला. त्याच्या आरंभी १८४० साली शिक्षकाच्या परीक्षेसाठी लिहिलेला तो प्रबंध आहे. पुढील खंडांपैकी कित्येक खंडांचा मजकूर विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या व्याख्यानांच्या वह्यांवरून जुळवावा लागला आणि सातवा खंड १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला.